मापारी कुणाचाच नसावा

कापसाच्या हंगामात अमरावतीत राहायचं म्हणजे रुई अंगाला चिकटणारच. पदराला, केसांना, वाळत घातलेल्या पापडांना, देवापुढच्या निरांजनाला! चिकटते तेव्हा कळत नाही. संध्याकाळी पदर झटकला की ढीगभर निघते. आमच्या घरातल्या किश्शांचं तसंच आहे. मी काही गोळा करायला जात नाही. नवी सून, बोलायचं कमी, वाकायचं जास्त. पण कानांवर पदर घ्यायला अजून कुणी सांगितलेलं नाही. लग्नाला वर्षही झालं नाही आणि झटकायला बसले तर हे एवढं निघालं!

आधी घर सांगते. मी अकोल्याकडची. माझे सासरे, म्हणजे मामंजी, अमरावतीच्या कापूस-बाजारातले मापारी. शेतकऱ्याचं गाडं आलं की कापूस काट्यावर तोलायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, एवढंच काम. पण समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसावाचून घास गोड लागेना, आणि त्या पुकारणाऱ्या जिभेला एकदम मोल आलं.

पूर्वी प्रत्येक शेटचा काटा वेगळा होता. शेतकऱ्याकडून घेताना कापूस हलका भरायचा, मुंबईला धाडताना तोच कापूस जड भरायचा. शेटच्या वखारीची हवा मानवत असेल बिचाऱ्याला! शेतकऱ्यांनी फारच ओरड केली तेव्हा जिल्ह्याच्या साहेबांनी ठरवलं, की बाजारात काटा एकच राहील आणि मापारी कुणाचाच नसेल. त्यासाठी कायदा करायचा. कायद्यासाठी कमिटी नेमली. कमिटीचे मेंबर कोण? बाजारातले चार मोठे शेट! शिंक्याची गाठ कशी मारावी हे बोक्यांना विचारायचं ठरलं.

काट्याच्या मैदानाला लागूनच सरकारनं मापाऱ्याला घर दिलंय. माडीची खिडकी थेट काट्यावर उघडते. पापड राखायचं काम माझ्याकडे, म्हणून खिडकीही माझ्याकडे.

*

पहिला किस्सा माझ्या लग्नाच्या थोडा आधीचा, सासूबाईंनी सांगितलेला.

कमिटीची पहिली बैठक झाली. "मापारी स्वतंत्र असावा" यावर चारही शेटांचं पानसुपारी संपायच्या आत एकमत! कलमं लिहायला साहेबांच्या कचेरीतले दाजीबा कारकून बसले होते. ते पुण्याकडचे. म्हणाले, "इतके एकमत मी पुण्यात दोन माणसांतसुद्धा पाहिलेले नाही."

त्याच दुपारी बालमुकुंद शेट आमच्या घरी आले. हे चौघांत थोरले. ओट्यावर बसून हळूच म्हणाले, "मापारीबुवा, आता तुमी मोकळे झाले. कोनाच्या बापाले भ्याचं नाई. बाकीच्या तिघाईचं बिलकुल ऐकू नका!"

ते गेले आणि दुसरे शेट आले. "मोकळे झाले तुमी, बुवा. आता त्या तिघाईचं ऐकाचं नाई हं!" मग तिसरे. सासूबाई सुपारी कातरून कातरून थकल्या.

चौथे शेट ओट्याची पायरी चढतायत तोवर मामंजीच उठून उभे राहिले. "समजलं जी, तिघाईचं ऐकाचं नाई. फक्त ते तिघं कोन, हे तुमी चौघं बसून एका कागदावर लिहून द्या!"

*

माझं लग्न वैशाखात झालं. तोवर दुसरं कलम तयार होतं: ज्याचा माल काट्यावर येतो त्याच्याकडून मापाऱ्यानं अगर त्याच्या घरच्यांनी काहीही घेऊ नये.

आहेराची वेळ आली. माझे बाबा पंतोजी. शाळा चालवतात आणि जोडीला थोडं शेत आहे. काळी जमीन, तेव्हा त्यात कापसाशिवाय दुसरं काय असणार? बाबांनी मोठ्या हौसेनं लुगडं आणि भांडी पुढे केली. मामंजींनी हात मागे घेतले.

"इवाई, तुमचा कापूस कोनत्या बाजारात जाते?"

बाबा म्हणाले, "भाव बरा असला तर आणतो अमरावतीला."

"मंग हे लुगडं, हे भांडे वापस न्या. कलमात बसत नाई."

मांडवात वाजंत्री वाजत होती, ती थांबली. बाबांचं तोंड एवढंसं झालं. मग सासूबाई पुढे आल्या. मुलाच्या लग्नात आहेर परत चाललेला कुठल्या आईला बघवेल?

"बरं जी! लुगडं वापस, भांडे वापस. मंग पोरगी काहून ठेवता? ही बी त्याच घरची हाये!"

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. ते खरोखर विचारात पडले! मी मुंडावळ्यांआडून बघत होते. या माणसाचा काय नेम? कलम काढून मला गाडीत बसवतील आणि अकोल्याला लावून देतील!

शेवटी दाजीबा कारकुनांना पंगतीतून उठवून आणलं. त्यांनी हात धुतले, कमरेचं कलमदान काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. कायद्यात आजही दुसऱ्या कलमाखाली ते वाक्य आहे: "स्पष्टीकरण. सून ही देणगी समजली जाऊ नये."

बाकीच्या मुली माप ओलांडून सासरी येतात. मी कलम ओलांडून आले.

*

पावसाळाभर कायदा शिजत होता. दाजीबांचं मोडी अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. साहेबांनी सांगितलं, बाळबोधीत शुद्ध प्रत करा. बाबांनी मला लिहायला शिकवलंय हे लग्नात सगळ्यांना सांगून झालं होतं. आहेर परत गेला तरी ही एक गोष्ट काही परत करता आली नाही. तेव्हा मसुदा आमच्या घरी आला. 'हे' ओळी वाचून दाखवायचे, मी लिहायची. मामंजींना वाचता येत नाही. ते समोर बसून ऐकायचे.

"मापारी पूर्ण स्वतंत्र राहील, मात्र कमिटीस विचारल्यावाचून काट्यास हात लावणार नाही."

"मापाऱ्यावर कुणाचाही दाब असणार नाही, मात्र त्याने शेट लोकांची मर्जी सांभाळावी."

"मापारी वजन खरे पुकारील, मात्र मोठ्याने पुकारणार नाही."

लिहून संपलं. कलमं नऊ होती आणि 'मात्र' चौदा!

मामंजी म्हणाले, "बैल मोकळा सोडला म्हन्तेत, अन् वेसन हातातच!"

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे राहिले. "सायेब, माह्या काट्याले दोन पारडे हायेत. हे 'मात्र'चं तिसरं पारडं कोठी बांधू, तेवढं सांगा!"

दाजीबांनी ते साहेबांना समजावून सांगितलं. साहेब मनापासून हसले आणि त्यांनी 'मात्र' खोडायला घेतले. तेरा खोडले. एकावर शेट लोक अडून बसले: "मापाऱ्यास काढता येणार नाही, मात्र कारण असल्यास काढता येईल."

आता हे सरळ दिसतं. पण बालमुकुंद शेटचा भाचा त्या जागेसाठी केव्हाचा टपून होता. तो घरात वजन पुकारायचा सराव करतो, अशी बातमी होती. हमालांचे मुकादम करीमभाई म्हणाले, "लडका होशियार है. बोजा काट्यावर चढायच्या आधीच वजन सांगते!" तेव्हा मामंजींना काढायला एक कारण मिळालं, की काटा पुन्हा वखारीत गेलाच म्हणायचा. आणि हे घर काट्याबरोबरचं, तेही गेलं.

त्या दिवशी जेवताना मामंजींनी ते उरलेलं 'मात्र' घरात सांगितलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "कारन काय, चोराले बी असते! मनाई करू नका त्याईले. काढाचं असनं तं कारन काट्यापाशी उभं राहून, भर बाजारात मोठ्यानं सांगा म्हनावं!"

मामंजींनी ते जसंच्या तसं साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी विचारलं, कमिटीची हरकत आहे का? चारही शेट हसले. बालमुकुंद शेट म्हणाले, "लिहा, लिहा! आमाले काय तोंड नाई?"

सातवं कलम आमच्या चुलीवर शिजलं. पण कागदावर सही कमिटीची आहे.

*

कायदा दिवाळीपासून लागू झाला. बाजारात केव्हा लागू झाला ते मला सांगता येणार नाही. घरात लगेच झाला.

एक दिवस मामंजी पहिला घास घेऊन म्हणाले, "भाजीत मीठ जास्त हाये."

सासूबाईंनी कालथा खाली ठेवला. "माहा चुल्हा बी स्वतंत्र हाये. कारन असनं तं चौकात उभं राहून, चार लोकाईसमोर मोठ्यानं सांगा!"

मामंजी उठले. खरंच उठले! हात धुतले, पागोटं घातलं आणि दारापर्यंत गेले. बाहेर ओट्याखाली करीमभाई आणि त्यांचे दहा-बारा हमाल भाकरीची फडकी सोडून बसले होते. सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

मामंजी परत आले. पागोटं खुंटीला अडकवलं, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ आनखी."

*

शेट लोकांचंच सांगते असं वाटायला नको. सरकारनंही एकदा जोर करून पाहिला.

साहेबांच्या घोड्यांच्या गवताचं गाडं आलं. बरोबर पट्टेवाला चपराशी. पुढे कापसाची तीस-चाळीस गाडी उभी. चपराशी सरळ काट्यापाशी गेला. "ए मापारी, सरकारी काम है. पहले यह तोलो."

"मागं रांगेत उभे राहा जी."

"अरे, सरकार की घास है!"

"काटा कोनाचा हाये?" मामंजींनी विचारलं.

"सरकार का."

"अन् कायदा कोनाचा?"

"सरकार का."

"मंग सरकारले आपलाच कायदा मोडाचा हाये का?"

चपराशानं खूप विचार केला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "सरकार को क्या करना है, मुझे क्या मालूम? मैं तो घास के साथ आया हूँ."

करीमभाई म्हणाले, "तो मियाँ, घास के साथ ही खडे रहो!"

तो दिवस मावळेपर्यंत उभा राहिला. तेवढ्या वेळात मागच्यापुढच्या गाड्यांच्या बैलांनी सरकारचं गवत निम्मं केलं. रिपोर्ट वर गेला. आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः घोड्यावरून आले. मामंजींच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शाबास! ऐसाही आदमी चाहिए!"

आणि त्या दिवसापासून घोड्यांचं गवत न तोलताच बंगल्यावर जाऊ लागलं.

*

मार्गशीर्षात माझे बाबा कापसाचं गाडं घेऊन आले. मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं धावत जावं. पण त्याआधीच खाली सहावं कलम उभं राहिलं: मापाऱ्याने सोयऱ्याचा माल तोलू नये.

"मी तोलू शकत नाई, इवाई."

"मग कोण तोलेल?"

"दुसरा मापारी."

"तो कुठे आहे?"

"नाई जी. मापारी एकच हाये."

करीमभाई म्हणाले, "मैं तोलता हूँ." शेट लोक म्हणाले, हमालानं काट्याला हात लावायचा नाही. शेट लोक म्हणाले, आम्ही तोलतो. शेतकरी म्हणाले, मग कायदा कशाला केला? दाजीबांनी वर लिहून विचारलं. वरून उत्तर यायला तीन दिवस लागतात, असं तिथून तीन दिवसांनी उत्तर आलं.

तोवर बाबांचं गाडं उन्हात आणि बाबा आमच्या घरी. त्यांनी काही द्यायचं नव्हतं, पण दाजीबा म्हणाले, "मापाऱ्याने घेऊ नये असे आहे. खाऊ घालू नये असे नाही." झालं! लग्नातल्या आहेराचा सगळा सल सासूबाईंनी त्या तीन दिवसांत काढला. वडाभात, पुरणाच्या पोळ्या, वर तुपाची धार. मामंजी वाढायला उभे. "घ्या, इवाई, घ्या! इथं तोलून वाढत नाई कोनी!"

चौथ्या दिवशी बाबांनी गाडं वळवलं. अकोटच्या बाजारात कमी भावानं विकू म्हणाले. जाताना मला जवळ बोलावलं आणि हसून म्हणाले, "पोरी, तुला इथं दिलं तेव्हा वाटलं होतं, काटा आता घरचा झाला. आज कळलं, घरच काट्याचं झालं."

बैल हाकायला वळले, तेव्हा ते हसत नव्हते.

*

संक्रांतीला मला पहिल्यांदा हळदीकुंकवाला जायचं होतं. नवी काळी चंद्रकळा होती. पण ज्या घरी जावं त्यांचा माल काट्यावर! सासूबाईंनी घरं बोटांवर मोजून पाहिली. माल नसलेली घरं दोनच निघाली. एक देवीच्या पुजाऱ्याचं आणि दुसरं आमचं.

मग बालमुकुंद शेटच्या शेठाणीबाईंनी वाण घरीच धाडलं. चांदीचा करंडा! मामंजींनी परत पाठवला. तासाभरानं पितळेचा करंडा आला. तोही परत. मग लाकडाची फणी आली. मी तिच्याकडे जरा बघितलं, खोटं कशाला बोलू? तीही परत.

शेवटी शेठाणीबाई स्वतः आल्या. बाई मनानं चांगली. तळहातावर चिमूटभर तिळगूळ. "मापारीबुवा, एवढं तरी घ्या! तिळगूळ घ्या अन् गोड बोला."

मामंजींनी त्यातला एक तीळ उचलला. एकच. उजेडाकडे धरून पाहिला आणि तोंडात टाकला.

"तीळ घेतला, बाई. पन गोड बोलाचं काम माह्याकडे नाई. वजन बोलाचं हाये."

*

आता हा शेवटचा. हा मी कुणाकडून ऐकलेला नाही, पाहिलेला आहे.

माघात बालमुकुंद शेटचे मुंबईला जायचे बोजे काट्यावर आले. मामंजींनी एका बोज्यात हात घातला. हात कोपरापर्यंत ओला निघाला. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलं होतं.

"शेटजी, कापूस न्हाऊन आला काय? वाळू द्या, मंग तोलतो."

बोजे फोडून मैदानात उन्हाला घालावे लागले. सगळा बाजार बघायला आला. अंगण सारवल्यावर पोरांना म्हणावं तसं करीमभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "जरा बाजूनं जा भाऊ, ओलं हाये!"

तिसऱ्या दिवशी साहेबांकडे अर्ज गेला. चारही शेटांच्या सह्या. भावावरून एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं पुन्हा एकमतानं! अर्जात एकच ओळ: "कारण असल्यामुळे मापाऱ्यास काढावे." कारण लिहिलेलं नव्हतं. शेटचा भाचा नवं पागोटं घालून काट्याभोवती चकरा मारू लागला.

सासूबाईंनी कढई गाठोड्यात बांधली, स्वैपाक करायचा म्हणून सोडली, पुन्हा बांधली. 'हे' म्हणाले, परतवाड्याला मामाकडे एक खोली मिळेल. मामंजी काट्याच्या कड्या चिंचेनं घासत बसले.

सासूबाईंना राहवलं नाही. "अजी, एक डाव शेटजीच्या घरी जाऊन या ना. दोन शब्द बोलून या. कोनाले कळते?"

"जाईन मी," मामंजी म्हणाले. "पन वापस येऊन काट्यापाशी कोन्या तोंडानं उभा राहू?"

सासूबाईंनी कढई पुन्हा बांधली.

बाजाराचा दिवस आला. परतवाडा, रिद्धपूर, कुठून कुठून गाडी आलेली. मैदानात पाय ठेवायला जागा नाही. बातमी सगळीकडे गेली होती. लोक जुवावर, चाकांवर, बोज्यांवर चढून उभे. मी खिडकीत होते. पापडांकडे माझं लक्ष नव्हतं, सांगून टाकते.

साहेब काट्यापाशी आले. दाजीबांनी सातवं कलम मोठ्यानं वाचलं. साहेबांनी अर्ज हातात धरला, आणि ते हिंदीत जे म्हणाले ते दाजीबांनी मराठीत सांगितलं, "कारण इथं सांगा. आत्ता सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. कारण नसेल तर हा कागद मी इथंच फाडीन."

मामंजी काट्याची दोरी धरून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

तीन शेटांनी बालमुकुंद शेटकडे पाहिलं. थोरले तेच. ते पुढे आले.

इथं एक सांगायला हवं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, जोडलेल्या हातांवर उपरणं टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. जितकी बोटं तितके शेकडे रुपये. वर चेहरे कोरे, आणि गोष्टी हवापाण्याच्या. बालमुकुंद शेटची चाळीस वर्षं त्या उपरण्याखाली गेली होती. बाजारात उभं राहून त्यांना मोठ्यानं बोलताना कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं. बहुतेक त्यांनी स्वतःसुद्धा.

शेटनी तोंड उघडलं. मिटलं. कपाळावरचा घाम पुसला. पुन्हा उघडलं. गाड्यांवरून सगळं वऱ्हाड त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. "हुजूर... कारन असं..." आणि पुढचा शब्द काही येईना.

साहेबांना वाटलं, म्हातारा माणूस घाबरला. त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे, धीर द्यायला म्हणून, आपला उजवा हात पुढे केला.

शेटना समोर काय दिसलं? बाजार. काटा. आणि पुढे आलेला एक हात.

खांद्यावरचं उपरणं कधी उतरलं ते त्यांनाही कळलं नसेल. ते साहेबांच्या हातावर पडलं, शेटचा हात आत गेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सगळी भीती पार पुसली गेली. साहेबांच्या डोक्यावरून लांब कुठंतरी बघत ते म्हणाले, "यंदा थंडी कमीच हाये, नाई का हुजूर?"

सगळ्यांचे डोळे त्या उपरण्यावर. उपरणं जरासं हललं.

साहेबांनी उपरण्याकडे पाहिलं, शेटकडे पाहिलं, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शेटजी, तीन उंगली? तीन क्या?"

दाजीबा कारकून आभाळाकडे बघू लागले. शेटना वाटलं, गिऱ्हाईक अडून बसलंय. उपरणं पुन्हा हललं.

"अब चार?" साहेब म्हणाले. "चार क्या?"

तेवढ्यात मागच्या एका गाडीच्या जुवावर एक म्हातारा शेतकरी उभा राहिला, आणि दोन्ही हात वर करून जीव खाऊन ओरडला,

"एवढ्यात हो म्हनू नका, सायेब! आनखी चढते!"